कोंबड्यांचा आयत

कुंपण घालायचं ठरलं त्या सकाळी सरांच्या डोक्यात फक्त एक आयत होता. चार बाजू, चार काटकोन, संपलं. हायस्कूलमध्ये आयुष्यभर भूमिती शिकवत आलेला, कंपास हातात न घेता फळ्यावर बिनचूक वर्तुळ काढणारा माणूस. त्याला मागच्या अंगणात एक आयत काढणं म्हणजे काय मोठं? “आज सुरू, संध्याकाळपर्यंत पूर्ण,” असं त्यांनी बायकोला सांगूनही टाकलं.

बायको हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. माणसाच्या रक्तात काय काय निघतं हे रोज बघत असल्यामुळे कुणाच्या शब्दावर तिचा चटकन विश्वास बसत नसे. ती एवढंच म्हणाली, “अहो, त्या विटांचा ढीग आधी हलवा.”

घर बांधताना उरलेल्या विटांचा हा ढीग अंगणाच्या कोपऱ्यात मागच्या भिंतीला टेकून वर्षानुवर्षं निवांत पडलेला होता. हलवायचा तर कंबर मोडणार. वगळायचा तर आयताचा कोपरा कापला जाऊन त्याचा आकार बुटासारखा होणार. आणि बुटासारख्या आकाराला भूमितीत नाव नाही.

“ढीग आत राहील,” सर म्हणाले. “कोंबड्यांना बसायला होईल.”

कोंबड्या सासूबाईंच्या. सासूबाई त्यांच्या घरी एकट्याच राहत. तिथे जिन्यावरून पडल्या, खुबा दुखावला, आणि शेजाऱ्यांना कळेपर्यंत बराच वेळ तशाच पडून राहिल्या. मुलीनं त्यांना इकडे आणलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तशा त्यांच्यापाठोपाठ टोपल्यांतून पाच कोंबड्या आल्या. खुबा बरा झाला, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण मागच्या दाराच्या चार पायऱ्या उतरून अंगणात जायचं म्हटलं की सासूबाईंचे हात थरथरायला लागत. त्या आपल्या खोलीच्या खिडकीत बसत आणि तिथून दिवसभर कोंबड्यांशी गप्पा मारत. माणसांशी मात्र मोजकंच. सरांशी तर अगदी तोलून, अहो-जाहो करत, बँकेच्या मॅनेजरशी बोलावं तसं.

आदल्या दुपारी पाचांतली पांढरी नाहीशी झाली होती. मागे नुसती पिसं. सासूबाईंनी रात्री ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, “मी आपली माझ्या घरी जाते. जिथे कोंबडी टिकत नाही तिथे मी काय टिकणार?”

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. त्या घरात जिना तोच होता आणि हाक ऐकायला कुणी नव्हतं. तिनं भावाला फोन केला, तर तो म्हणाला, “आई म्हणेल तसं. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो.” आईला नाही म्हणणं त्या गृहस्थाला जन्मात जमलं नव्हतं.

तेव्हा सर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “आई, यापुढे एकही कोंबडी जाणार नाही. माझा शब्द.”

“तुम्ही कशाला उगाच त्रास घेता,” सासूबाई म्हणाल्या. जावयाला उंबऱ्याबाहेर ठेवायला एवढं वाक्य पुरतं.

सरांनी पहिला खुंटा ठोकला मात्र, भिंतीवरून कप्तानांचं डोकं उगवलं. कप्तान म्हणजे शेजारचे निवृत्त गृहस्थ. ते बोटीवर होते हे खरं, पण बोटीच्या कोठारात, बटाट्यांच्या पोत्यांवर देखरेख करायला. तरी सगळी गल्ली त्यांना कप्तान म्हणे, आणि तेही भिंतीवरून असे डोकावत की पलीकडे समुद्रच असावा.

“कशासाठी?” त्यांनी विचारलं.

“कोंबडी गेली. कुंपण घालतोय.”

“कुणी नेली?”

“ते कळलं नाही अजून.”

“मग कुंपण कुणासाठी घालताय?” कप्तानांनी खेदानं मान हलवली. “शत्रू कोण ते माहीत नाही आणि निघाले लढाईला! धामण आहे ती. मी सांगतो. बारीक जाळी लावा, पेन्सिलसुद्धा आत जाता कामा नये.”

सर बारीक जाळी आणायला गेले. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “धामण कसली, बोका असणार. बोका जाळीवर चढतो. उंची डोक्याच्या वर न्या.” शेजारी खिळे घेत उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांनी न विचारता सांगितलं की कोल्हा असेल तर तो खालून उकरतो, सबब जाळी गुडघाभर जमिनीत गाडायला हवी. सर पैसे देऊन निघणार तेवढ्यात दुकानदाराच्या म्हाताऱ्या वडिलांनी आतून विचारलं, “आणि घार?”

अशा रीतीनं आयताला छप्पर आलं आणि पाया आला. अशी आकृती सर दहावीला शिकवत. तिला इष्टिकाचिती म्हणतात.

सोमवारपासून सरांनी शाळेतून रजा काढली आणि चर खणायला घेतला. शाळेत जाणारी मुलं मागच्या गल्लीतून “नमस्ते सर!” ओरडत आणि पुढे जाऊन हसत. सर पहार हातात घेऊन शक्य तितक्या प्रतिष्ठेनं मान डोलवत. मंगळवारी दुपारी पहार जमिनीत खच्चकन रुतली, आणि भूगर्भातून एक धार निघाली ती थेट सरांच्या चष्म्यावर. कुठल्याशा जमान्यात टाकलेला नळाचा पाइप सरांच्या अंगणातून गेला होता आणि तो गल्लीतल्या निम्म्या घरांना पाणी पाजत होता.

त्या संध्याकाळी निम्मी गल्ली रिकाम्या बादल्या घेऊन सरांच्या दारात उभी राहिली. कुणी वाईट बोललं नाही. सगळे नुसते बघत राहिले, आणि बोलण्यापेक्षा ते वाईट होतं. कप्तान तेवढे म्हणाले, “बोटीला भोक पडलं की आम्ही आधी सरांसारखी माणसं खाली पाठवायचो.” याचा अर्थ काय, हे विचारायची सरांची हिंमत झाली नाही.

पाइप जोडायला नगरपालिकेची माणसं आली. त्यांनी पाइप जोडला आणि जाताना उभे केलेले लोखंडी खांब बघून विचारलं, “याची परवानगी?”

बुधवारी सर नगरपालिकेत. टेबलामागचा कारकून कान कोरत होता.

“काय बांधलंय?”

“कुंपण.”

“वरून उघडं?”

“नाही. घारीसाठी वर जाळी टाकणार आहे.”

“मग कुंपण नव्हे. छत आलं. छत आलं की बांधकाम.”

“अहो, पण जाळीचं छत. पाऊस सरळ आत येतो.”

“म्हणजे गळकं बांधकाम,” कारकून गंभीर झाला. “ते आणखी वाईट.”

“मग पिंजरा म्हणा.”

“उचलता येतो?”

सरांनी गुडघाभर गाडलेल्या जाळीचा विचार केला. खोटं बोलायची सवय नव्हती. “नाही.”

“न उचलता येणारा पिंजरा म्हणजे खोलीच की. आत कोण राहणार?”

“कोंबड्या!”

“माणूस नाही ना राहणार?”

“छे हो! माणूस कशाला राहील?”

“नक्की? कारण माणूस नसेल तर जनावरांची शेड म्हणून बसवता येईल. माणूस आढळला तर मात्र तोडावं लागेल. शनिवारी साहेब पाहणीला येतील.”

गुरुवारी काम पुरं झालं. सरांनी मागे सरून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. कोपरे काटकोनात. बारीक जाळीचे हजारो षट्कोन मावळतीच्या उन्हात एकसारखे चमकत होते. मागची बाजू भिंतीची, बाकी तीन जाळीच्या. दाराला तर त्यांनी स्वतःच्या कल्पनेनं स्प्रिंग बसवली होती. माणूस दार उघडं टाकतो हा मानवजातीचा मूळ दोष. म्हणून दार सोडलं की आपोआप मिटायचं आणि बाहेरची कडी स्वतःच्या वजनानं खट्‌दिशी पडायची. राहिलेल्या चार कोंबड्या आत सोडल्या. खिडकीतून सासूबाईंनी सगळं पाहिलं, आणि त्या रात्री पोळी मागून घेतली. बायकोनं स्वयंपाकघरातून सरांकडे असं पाहिलं की लग्नाला इतकी वर्षं झाली त्याचं सार्थक झालं.

शुक्रवारी उजाडता उजाडता सासूबाईंची किंचाळी ऐकू आली.

कोंबड्या तीनच होत्या. दार बंद, कडी घातलेली. चौथीची पिसं आयताच्या बरोबर मध्यभागी.

बायकोनं दार धरून ठेवलं आणि सर रांगत रांगत आतून बाहेरून फिरले. एकेक षट्कोन तपासला. कुठे भोक नाही, उकरल्याची खूण नाही, छताचा धागा ढिला नाही. सिद्धतेत चूक नाही आणि उत्तर मात्र चुकतंय, असं त्यांना वहीत कधी भेटलं नव्हतं.

“जाऊ द्या हो,” सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. “तुमचा काही दोष नाही. रविवारी माझा मुलगा येतोच आहे.”

शनिवारी बायको कामावर गेली. जाताना म्हणाली, “आईनं कपडे घड्या करून ठेवलेत. मी काही बोलले तर रडू येईल मला.” आणि दार ओढून घेऊन निघून गेली.

सरांनी स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं आणि पिंजऱ्यात शिरले. तपासून कळत नव्हतं, तर आत बसून बघायचं. मागे ‘खट्’ असा आवाज झाला. आवाज ओळखीचा वाटला, छानही वाटला. स्टुलावर बसल्यावर थोड्या वेळानं त्याचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला.

कडी बाहेर. सर आत. पेन्सिल न जाणाऱ्या जाळीतून बोट जाणं शक्य नव्हतं. पक्कड बाहेर, पायरीवर, डोळ्यांना दिसेल अशी ठेवलेली. त्यांनी दाराला धक्का दिला. दार हललं नाही. कोल्ह्यासाठी मजबूत केलेलं होतं. सासूबाईंची खिडकी आज सकाळपासून बंदच होती. ओरडावं म्हणून तोंड उघडलं, पण गल्लीतून मुलांचा आवाज येत होता, म्हणून मिटलं. साहेब पाहणीला येणार आणि आत माणूस आढळला तर तोडावं लागणार, हेही याच वेळी आठवलं. सर घामाघूम झाले. तरी सावरून बसले. बायको दुपारी येईल तोवर आपण पहाराच देतोय, असं दिसायला काय हरकत होती?

लंगडी, भांडखोर आणि थोरली अशा तिघी कोंबड्या त्यांच्या पायाशी दाणे टिपत होत्या. मध्येच तिघी एकदम थांबल्या. माना वर. कुणी हूं की चूं करेना.

सरांनी हळूच मान वळवली. विटांच्या ढिगात, दोन विटांच्या फटीत, एक करडं नाक हलत होतं. मग लाल डोळे आले. मग लांबलचक अंग, संपतच नव्हतं असं, विटांवरून पाण्यासारखं खाली ओघळलं.

मुंगूस.

आणि त्याच्या मागे, फटीतून, सरांना उजेडाचा एक गोल ठिपका दिसला. भिंतीत जुनी मोरी होती. ढिगामागे झाकलेली. तीन बाजूंना जगातला सगळा बंदोबस्त करून चौथ्या बाजूला सरांनी चोराचं दार आयतात घेतलं होतं, आयत बिघडू नये म्हणून.

ते ताडकन उठले. स्टूल कलंडलं, सरांचा पाय त्यात अडकला आणि ते अख्खेच्या अख्खे ढिगावर कोसळले. विटा गडगडल्या, धूळ उडाली, आणि धूळ बसली तेव्हा उजेडाचा ठिपका नव्हता. मोरी बुजली होती. मुंगूस परत जायला वळलं, वास घेतला, आणि मग सरांकडे वळून त्यानं दात दाखवले. आता तेही आत होतं.

“वाचवा!” सर ओरडले. गल्लीतली पोरं गेली खड्ड्यात.

भिंतीवर कप्तानांचं डोकं आलं. “हलू नका सर! धामण कुठाय?”

“मुंगूस आहे! दार उघडा!”

“मुंगूस? मग धामण जवळपासच असणार. शांत राहा, मी पुढच्या दारानं येतो.” डोकं नाहीसं झालं. मिनिटाभरात पुढच्या दाराची घंटा जी वाजायला लागली ती वाजतच राहिली. दार बायकोनं बाहेरून ओढून बंद केलेलं होतं.

मुंगूस जाळीच्या कडेकडेनं फिरू लागलं. सर मध्ये, हात पसरून, त्याच्याबरोबर फिरू लागले. भांडखोर उडून त्यांच्या खांद्यावर बसली. थोरली कोपऱ्यात अंग चोरून बसली. लंगडीला मात्र पळता येईना. मुंगूस थांबलं, अंग आखडलं, आणि सरांनी जन्मात कधी केली नव्हती अशी उडी मारली. लंगडी त्यांच्या छातीशी आली आणि मुंगसाचे दात त्यांच्या पोटरीत रुतले.

“आई गं!”

त्यांनी ती हाक कुणाला म्हणून मारली नव्हती. वेदना झाली की सगळेच मारतात. पण मागचं दार उघडलं आणि पुढची घंटा तशीच वाजत ठेवून सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, हातात काठी.

“आई, नको!” सर पाय झाडत ओरडले. “पायऱ्या आहेत! तुम्ही पडाल!”

सासूबाईंनी पायऱ्यांकडे पाहिलं. त्यांचा हात थरथरत होता, काठीचं टोक दगडावर टकटक वाजत होतं. मग त्या सरळ खाली बसल्या आणि लहान मूल उतरतं तशा एकेक पायरी सरकत अंगणात आल्या. उठल्या, जवळजवळ धावल्या, कडी वर केली आणि आत घुसल्या.

“आई, दार धरा! दार—”

खट्.

सासूबाईंना दाराशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी काठी उगारली आणि हाणली. ती सरांच्या गुडघ्यावर बसली. दुसरी पाण्याच्या पत्र्याच्या भांड्यावर बसली आणि असा आवाज झाला की मुंगसानं पोटरी सोडली आणि जाळीवर चढून ते छताला उलटं लटकलं. तिथून ते दोघांकडे बघत राहिलं. सर लंगडीला घट्ट धरून भिंतीला टेकले. सासूबाई त्यांच्यासमोर पाय रोवून उभ्या राहिल्या. त्यांचा श्वास फुलला होता, अंबाडा सुटला होता.

“मागे राहा माझ्या,” त्या म्हणाल्या. “आणि ती कोंबडी सोड. रक्त येतंय तुला.”

“सोडणार नाही,” सर म्हणाले.

बायको घरी परतली तेव्हा दारात कप्तान घंटा वाजवत होते आणि त्यांच्या शेजारी नगरपालिकेचे साहेब फीत हातात घेऊन उभे होते. तिघं मागच्या अंगणात आले. पिंजऱ्यात नवरा बसलेला, मांडीवर एक कोंबडी, खांद्यावर एक. पुढे आई, हातात काठी, नजर छताला.

“माणूस राहत नाही असं कळवलं होतं,” साहेब म्हणाले. “इथे तर कुटुंब दिसतंय.”

“राहत नाही हो! अडकलोय!”

“फीत नंतर लावा,” सासूबाई कडाडल्या. “आधी दार उघडा!”

साहेबांनी घाईनं दार उघडलं. मुंगूस छतावरून सुटलं ते साहेबांच्या दोन पायांमधून, अंगण ओलांडून, भिंतीवरून कप्तानांच्या बागेत. साहेब चिखलात बसले.

“बघितलंत?” कप्तान म्हणाले. “धामणीच्या मागावर गेलं.”

साहेबांनी उठून कपडे झटकले, ती हजारो षट्कोनांची जाळी हातानं ओढून बघितली आणि “कारकुनाला सांगतो, शेडच आहे,” असं म्हणून लगबगीनं निघून गेले. परत आत शिरायची त्यांची तयारी दिसली नाही.

हॉस्पिटलात बायको लस आणायला धावली. सासूबाई रिक्षात आधी येऊन बसल्या होत्या. तुम्ही घरी थांबा, असं त्यांना म्हणायचं धाडस कुणी केलं नाही. सर बाकावर बसले. पोटरी ठणकत होती, गुडघाही. मुंगसाचा घाव कुठला आणि सासूबाईंचा कुठला, हे कंपाउंडरला समजावून सांगताना त्यांची तारांबळ उडाली.

“पेशंटबरोबर कोण?” कंपाउंडरनं विचारलं.

“मी,” सासूबाई म्हणाल्या.

“नातं?”

सरांनी सांगायला तोंड उघडलं. सासूबाईंनी त्यांना हातानं गप्प केलं.

“आई,” त्या म्हणाल्या. “मुलगा आहे माझा. जरा वेंधळा आहे, पण मुलगा आहे.”

सरांनी चष्मा पुसायला काढला, पण पुसायला रुमाल सापडेना.

बायको लस घेऊन आली. फोन कानाला होता. “आई, दादा विचारतोय, उद्या किती वाजता येऊ?”

“त्याला म्हणावं, नको येऊस. अजून सुया घ्यायच्या आहेत याला. एकटा पाठवला तर हा हॉस्पिटलात आत शिरेल आणि बाहेर यायचा रस्ता बंद करून बसेल. मी कुठे जाणार?”

कंपाउंडरनं सुई काढली. सरांनी डोळे गच्च मिटले. दंडावर सासूबाईंचा हात पडला, आणि तो मुळीच थरथरत नव्हता.

“हळू टोच रे,” त्या कंपाउंडरला म्हणाल्या. “भूमितीचा माणूस आहे. त्याला सवय नाही.”